कुदळ नंतर, वही आधी : घरापासून निसर्गसंवर्धन सुरू करताना

काही वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी आम्ही पंधराएक जण एका मोकळ्या माळावर झाडं लावायला गेलो होतो. खड्डे घ्यायला सुरुवात केली आणि दोन टिटव्या आमच्या डोक्यावर घिरट्या घालत जिवाच्या आकांताने ओरडायला लागल्या. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. रोपं लावली, पाणी घातलं, फोटो काढले आणि सगळे घरी गेले. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. ती उघड्या जमिनीवरच्या उथळ खळग्यात अंडी घालते, ती अंडी आजूबाजूच्या खड्यांसारखीच दिसतात, आणि कुणी जवळ आलं की ती नेमकी अशीच ओरडते, हे मला नंतर कितीतरी महिन्यांनी कळलं. आम्ही लावलेल्या रोपांतली बहुतेक वर्षभरात वाळून गेली.

आमचा हेतू चांगला होता, पण क्रम चुकला होता. आपल्या आसपासच्या निसर्गासाठी काहीतरी करायचंय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा प्रत्येकाला मी आता हा क्रमच आधी सांगतो: आधी बघायचं, मग जे नुकसान आपल्याकडूनच होतंय ते थांबवायचं, मग लावायचं, आणि त्यानंतर कुंपणाबाहेर जायचं. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय. घाई करून मधली पायरी गाळू नका.

पहिला महिना : फक्त बघा

एक जागा निवडा. घराची खिडकी, गॅलरी, अंगणातलं एखादं झाड, रोजच्या वाटेवरचा गवताचा तुकडा, काहीही चालेल. अट एकच, तिथे तुम्हाला सहज आणि वारंवार जाता आलं पाहिजे. लांबच्या सुंदर जंगलापेक्षा दाराबाहेरचं धुळीने माखलेलं झाड या कामाला जास्त उपयोगी, कारण तिथे तुम्ही आठवड्यातून दोनदा खरोखर जाल.

प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं, शक्यतो ठरावीक वेळी. सोबत साधी वही. तारीख, वेळ, हवा कशी आहे, काय दिसलं, किती दिसले, आणि ते काय करत होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘चिमणी, २’ एवढ्यावर थांबलात तर पुढच्या वर्षी त्यातून फार काही हाती लागणार नाही. ‘चिमणी, २, चोचीत अळी, सज्जाच्या भोकात तीनदा गेली’ असं लिहिलंत तर तिथे पिल्लं आहेत, त्या पिल्लांना अळ्या लागतात आणि ते भोक बुजवायचं नाही, हे सगळं त्या एका ओळीत आलं.

नाव माहीत नसलं तर अडू नका. ‘पाठीवर दोन पिवळे ठिपके असलेला काळा किडा’ एवढं पुरे. नावं मागाहून मिळतात. बघितलेली हालचाल मात्र तेव्हाच लिहिली नाही तर विसरते.

मी ज्या झाडापासून सुरुवात केली ते कुंडीतलं लिंबाचं झुडूप होतं. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळपट-पांढरा डाग दिसला. पुसायला गेलो तर तो हलला. ती फुलपाखराची अळी होती आणि तिचा वेश भक्षकांना फसवण्यासाठीच होता. काडीने हलकंच डिवचल्यावर तिने डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुहेरी शिंगासारखं काहीतरी बाहेर काढलं आणि उग्र वास सुटला. दिवसागणिक ती मोठी झाली, कात टाकत टाकत एक दिवस चक्क हिरवीगार झाली, पानाच्या रंगात मिसळून गेली. तोवर तिने झुडपाची वरची पानं जवळजवळ संपवली होती. झुडूप मेलं नाही. महिन्याभरात नवी पालवी आली. आदल्याच वर्षी त्याच झुडपावर मी ‘कीड’ म्हणून औषध मारलं होतं.

नोंद अशी करा की ती इतरांच्याही कामी यावी

वहीची सवय लागली की फोन हाती घ्या. दोन ठिकाणं पुरेशी आहेत. आयनॅचरलिस्ट या ॲपवर कुठल्याही जिवाचा फोटो, तारीख आणि ठिकाण टाकता येतं, आणि जगभरातले जाणकार तो ओळखायला मदत करतात. ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं की ती नोंद ‘संशोधन दर्जा’ची ठरते. म्हणजे तुमची पहिली ओळख चुकली तरी बिघडत नाही, ती दुरुस्त होते. दुर्मीळ, धोक्यातल्या जिवांचं नेमकं ठिकाण हे ॲप बहुतेक वेळा आपणहून धूसर करतं. तरीही घुबडाचं घरटं किंवा शिकारीची भीती असलेला प्राणी दिसला तर ठिकाण स्वतःच लपवा.

फोटो काढताना झाडाचं नुसतं फूल काढू नका. पानाच्या दोन्ही बाजू, पान फांदीला कसं जोडलंय ते, साल, आणि दुरून पूर्ण झाड, असे चार-पाच फोटो एकाच नोंदीत टाका. किड्याचा एक वरून, एक बाजूने. कुंडीतलं किंवा बागेत कुणी लावलेलं झाड असेल तर ‘लागवड केलेलं’ अशी खूण करायला विसरू नका. ती नसली की आपोआप उगवलेल्या झाडांच्या नोंदीत गोंधळ होतो.

पक्ष्यांसाठी ई-बर्ड. पक्ष्यांच्या नोंदींचं हे संकेतस्थळ अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षी प्रयोगशाळेने ऑडुबॉन या पक्षीसंवर्धन संस्थेसोबत २००२ साली सुरू केलं. तिथे यादी टाकताना ‘तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी यात नोंदवलेत का’ असा प्रश्न येतो. नवखे लोक आवडलेल्या दोन-तीन पक्ष्यांची नोंद करून थांबतात, आणि कावळे-पारवे सोडून देतात. तसं करू नका. पूर्ण यादीतून काय दिसलं तेवढंच नाही, तर काय दिसलं नाही हेही कळतं, आणि एखादा पक्षी कमी होतोय हे त्या न दिसण्यातूनच उमगतं. पंधरा मिनिटांची पूर्ण यादी ही दोन तासांच्या निवडक यादीपेक्षा मोलाची. आवाजावरून पक्षी ओळखायला मर्लिन हे ॲप मदत करतं, पण ते सुचवेल ते डोळ्यांनी किंवा कानांनी पडताळल्याशिवाय यादीत घालू नका.

‘माझ्या नोंदीने काय होणार?’ हा प्रश्न मनात येतोच. जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावात हौशी कीटक अभ्यासकांचं एक मंडळ आहे, १९०५ सालचं. त्यांनी संरक्षित क्षेत्रांमध्ये तंबूसारखे सापळे लावून, दरवेळी त्याच पद्धतीने कीटक गोळा केले, वजन केलं, लिहून ठेवलं. ६३ ठिकाणं, २७ वर्षं. २०१७ साली ते आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटल्याचं जगाला कळलं. चिकाटीने एकाच पद्धतीने नोंदी ठेवणारी माणसं नसती तर ही घट कुणाच्या लक्षातही आली नसती. त्याआधीचं उदाहरण १९०० सालचं. नाताळात पक्ष्यांची शिकार करण्याची अमेरिकेत प्रथा होती. पक्षीशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांनी त्याऐवजी पक्षी मोजूया असं सुचवलं. पहिल्या वर्षी २७ जणांनी २५ ठिकाणी मोजणी केली, आणि ती मोजणी आजही चालू आहे.

एखाद्या ठरलेल्या उपक्रमाने सुरुवात करायची असेल तर फेब्रुवारीतली चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ नवख्यांसाठी उत्तम. ती १९९८ पासून चालू आहे, आणि एका जागी किमान पंधरा मिनिटं पक्षी मोजले की झालं. एप्रिलअखेरच्या सुमारास ‘सिटी नेचर चॅलेंज’ असतं, त्यात आपल्या शहरातल्या जिवांच्या जमतील तितक्या नोंदी करायच्या. २०१६ साली लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चढाओढीतून ते सुरू झालं, आणि आता जगभरातली शहरं त्यात उतरतात.

घरात : लावण्याआधी थांबवा

आता हात हलवायचे, पण आधी काही गोष्टी बंद करण्यासाठी. यात खर्च जवळजवळ नाही आणि परिणाम लवकर दिसतो.

सगळ्यात पहिली, फवारणी. कोवळ्या शेंड्यावर मावा, म्हणजे रस शोषणारे चिमुकले किडे, दिसला की हात लगेच औषधाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा आणि भिंग घेऊन बसा. माव्याच्या वसाहतीत चार-सहा दिवसांत त्याला खाणारे पाहुणे येतात. मगरीसारखी दिसणारी, करड्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली छोटी अळी दिसली तर ती ढालकिड्याची. मोठ्या ढालकिड्याला सगळे ओळखतात, त्याच्या पिल्लाला मात्र कीड समजून चिरडतात. केसाएवढ्या बारीक देठाच्या टोकावर मोहरीपेक्षाही लहान पांढरं अंडं उभं दिसलं तर ते क्रायसोपा नावाच्या नाजूक, जाळीदार पंखांच्या किड्याचं. पाय नसलेली, पारदर्शक हिरवट अळी माव्यातून वाट काढत असेल तर ती सिरफिड माशीची. आणि काही मावा फुगून तपकिरी, कोरडा झालेला दिसेल. त्याच्या पोटात इवल्या गांधीलमाशीने अंडी घातली होती. या सगळ्यांना वेळ द्या. दोन आठवड्यांनीही शेंडा वाचत नसेल तर पाण्याच्या फवाऱ्याने मावा धुऊन काढा किंवा शेंडा खुडा. विषाने मावा मरतो आणि त्याला खाणारेही मरतात. पण मावा काही दिवसांत परत येतो, खाणारे यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. मधल्या काळात माव्याला रान मोकळं.

उंदरांचं विष हा दुसरा धोका. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या सहज तावडीत सापडतो. विष मग घुबडात जातं. उंदीर नकोसे असतील तर भोकं बुजवा, धान्य बंद डब्यात ठेवा, पिंजरा लावा.

रात्रीचा दिवा. बाहेरचा जो दिवा रात्रभर जळतो तो खरोखर हवाय का ते विचारा. हवाच असेल तर २७०० केल्विन (उजेडाच्या रंगछटेचा आकडा, तो खोक्यावर असतो) किंवा त्याहून कमीचा पिवळसर दिवा लावा, वरून झाकण द्या म्हणजे उजेड खालीच पडेल, आणि हालचाल टिपून लागणारं बटण बसवा. पांढऱ्या-निळसर उजेडाभोवती रात्रभर घिरट्या घालून पतंग दमतात, फुलांकडे जात नाहीत, अंडी घालत नाहीत.

मोठ्या काचेत आकाश किंवा झाड दिसत असेल तर पक्षी तिथे आदळतात. काचेवर ससाण्याचं एखादं चित्र चिकटवून काही होत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूला सगळीकडे, एकमेकांपासून सुमारे ५ सेंटिमीटरवर ठिपके किंवा रेघा हव्यात. साध्या पांढऱ्या रंगाने काढलेले ठिपकेही चालतात.

पाळलेली मांजर घरात ठेवा, निदान पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत तरी. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, मला माहीत आहे, पण उडायला शिकणाऱ्या पिल्लाला मांजरापासून वाचण्याची संधीच नसते.

आणि पाला. झाडाखालचा पाला झाडून, पोत्यात भरून फेकणं किंवा जाळणं थांबवा. एका कोपऱ्यात तो साचू द्या. त्याखालची माती ओली राहते, गोगलगायी, गोमी, कोळी, बेडूक, कितीतरी पतंगांचे कोष तिथे असतात, आणि मग पाला उलथून खाणारे पक्षीही येतात. उरलेला पाला ओल्या कचऱ्यासोबत कंपोस्टमध्ये घाला. ओल्याच्या दोन-तीन पट सुका पाला असला की वास येत नाही.

मग लावा : फुलं नंतर, पानं आधी

फुलपाखरांची बाग म्हणून लोक रंगीबेरंगी फुलं लावतात. फुलं म्हणजे फुलपाखरांसाठी वाटेवरचं जेवण. पिढी वाढायची असेल तर अळीला खाता येतील अशी पानं हवीत, आणि बहुतेक अळ्या फार निवडक असतात. अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराची अळी रुईच्या कुळातल्या वनस्पतींवरच वाढते. त्याच्या नात्यातलं, नारिंगी पंखांचं, आफ्रिका-आशियात सगळीकडे दिसणारं रुईवरचं फुलपाखरूही तसंच. रुई उपटून टाकली की फुलं कितीही असोत, ते तिथे अंडी घालणार नाही.

पक्ष्यांचीही साखळी याच पानांपाशी येऊन थांबते. अमेरिकेतल्या चिकाडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्याला एक वीण वाढवायला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात असं कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी सांगतात. वॉशिंग्टन परिसरातल्या घरांभोवतीच्या बागांमध्ये झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जिथे स्थानिक झाडांचं प्रमाण ७० टक्क्यांहून कमी होतं तिथे या पक्ष्यांची संख्या टिकेल इतकी पिल्लं वाढत नव्हती. दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना बहुधा अळ्या-किडेच भरवतात. म्हणून दाण्याचं भांडं टांगण्यापेक्षा एक स्थानिक झाड लावा, असं मी म्हणेन.

स्थानिक कुठलं ते ठरवायला तुमच्या परिसरात उरलेल्या नैसर्गिक तुकड्यात जा. नदीकाठ, टेकडीचा उतार, कुणी फारसं न फिरकणारं रान. तिथे पाणी न घालता, खत न घालता काय वाढलंय ते टिपा. तुमच्या मातीत काय तगेल याचं उत्तर तिथे उभं आहे. तिथून झाडं उपटून आणू नका. थोडं बी घ्या, पुष्कळ तिथेच सोडा.

नर्सरीत जाताना दोन गोष्टी विचारा. एक, रोपावर आंतरप्रवाही कीटकनाशक मारलंय का? असं औषध झाडाच्या रसात भिनतं, परागात आणि मधातही उतरतं, आणि फुलपाखरांसाठी म्हणून आणलेलं रोपच अळ्यांना मारतं. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तीन औषधांच्या उघड्यावरच्या वापरावर युरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली ती मधमाश्यांच्या काळजीपोटीच. दोन, फूल एकेरी आहे की दुहेरी? गच्च पाकळ्यांच्या दुहेरी फुलांत बहुधा पराग आणि मध नसतो किंवा तिथवर माशीला पोचता येत नाही.

जागा फक्त गॅलरीएवढी असेल तर तीन कुंड्या पुरेत: एकात अळीचं खाद्य, एकात वर्षातला बराच काळ फुलणारं एकेरी फुलांचं झुडूप, एकात नुसतं गवत. तिसऱ्या कुंडीला लोक हसतात. माझ्याकडे सगळ्यात जास्त किडे तिथेच येतात.

अंगण असेल तर थोडी उघडी, उन्हातली, न खणलेली माती तशीच सोडा. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत, आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के पोळं न करता जमिनीत बीळ करून एकेकट्या राहतात. सगळीकडे फरशी किंवा जाड आच्छादन टाकलं की त्यांना जागाच उरत नाही. गुलाबाच्या किंवा इतर झाडाच्या पानांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर तो रोग नाही. पानकापी माशी ते तुकडे गुंडाळून आपल्या अळीसाठी पाळणा करते. ही माशी सहसा चावत नाही. एकदा जवळ बसून बघा, तुकडा कापून पायांत धरून ती उडते तेव्हा हिरवी गुंडाळी हवेत तरंगत गेल्यासारखी दिसते.

पाणी

उथळ, खरबरीत, दोन-तीन सेंटिमीटर पाणी राहील असं भांडं. मधमाश्यांना बसायला त्यात दोन-चार दगड. रोज पाणी बदला आणि भांडं घासा. ते जमणार नसेल तर ठेवूच नका, कारण घाण भांड्यातून पक्ष्यांमध्ये आजार पसरतो. उष्ण हवेत डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडाभर लागतो, त्यामुळे रोज बदललेल्या पाण्यात डास होत नाहीत.

कुंपणाबाहेर : एक तुकडा आपला माना

घरापासून चालत जाता येईल असा एकच तुकडा निवडा, आणि पहिलं काम, ती जागा कुणाची आहे आणि तिची देखभाल कोण करतं ते शोधा. परवानगीशिवाय खणू नका, लावू नका, उपटूही नका.

दुसरं, ती जागा मुळात काय आहे ते ओळखा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. झाडं नाहीत म्हणजे जागा ओसाड, असं आपण धरून चालतो. गवताळ माळ हा जंगल व्हायची वाट बघत पडलेला तुकडा नसतो. तो स्वतःच एक पूर्ण अधिवास आहे. टिटव्या, चंडोल, सरडे, गवतावर वाढणारी फुलपाखरं यांना उघडीच जागा लागते. माळावर दाट झाडी केली तर तिथले रहिवासी जातात आणि जंगलातले येतीलच असं नाही. पाणथळीचंही तेच. चिखल, पाणगवत आणि लव्हाळे काढून, काठ दगडांनी बांधून ‘सुशोभित’ केलेलं तळं बगळ्यांना आणि बेडकांना निरुपयोगी असतं.

तिसरं, एक ठरावीक वाट आखा आणि दर आठवड्याला तीच चाला. फुलपाखरं मोजण्याची एक साधी रीत ब्रिटनमध्ये अर्नी पोलार्ड यांनी बसवली आणि १९७६ पासून तिथली देशव्यापी मोजणी तिच्यावर चालते. स्वतःभोवती पाच मीटरची काल्पनिक पेटी धरायची, म्हणजे डावीउजवीकडे अडीच मीटर आणि समोर पाच मीटर. संथ चालायचं, आणि त्या पेटीत आलेलीच फुलपाखरं मोजायची. ऊन असताना, जोराचा वारा नसताना. याच्यासाठी वहीखेरीज काही लागत नाही. सोबत वाटेवर तीन ठिकाणं ठरवून दर महिन्याला त्याच जागी उभं राहून, त्याच दिशेने फोटो काढा. कुठलं झुडूप पसरतंय, कुठे राडारोडा पडायला लागलाय, हे शब्दांपेक्षा या फोटोंतून लवकर कळतं.

जुन्या जाणत्यांना गाठा

एकट्याने तीन-चार महिने बघून झाल्यावर एखाद्या गटात जा. त्याआधी गेलात तर ते सांगतील ते करत राहाल, आणि नंतर गेलात तर प्रश्न घेऊन जाल. गट कसा ओळखायचा? ‘गेल्या तीन वर्षांत लावलेल्यांपैकी किती जगली?’ असं विचारा. आकडा सांगणारा गट धरा, मग तो आकडा लहान का असेना. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी त्याचा आवाज वाजवणारे, फोटोसाठी घरट्याच्या फांद्या बाजूला करणारे लोक असतील तर तिथून निघा.

खणायला जमत नसेल तरी मागे राहू नका. नोंदींची कोष्टकं भरणं, हिशेब ठेवणं, अर्ज लिहिणं, नवीन आलेल्याला घेऊन फिरणं, या कामांना प्रत्येक गटात माणूस कमी असतो.

अंगमेहनतीची कामं

स्वच्छता करताना उचललेल्या वस्तू मोजा. १९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांनी कचरा उचलताना प्रत्येक वस्तू लिहून ठेवली, आणि त्यातूनच आजची आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम वाढली. ‘चाळीस पोती कचरा काढला’ या वाक्याचा पुढे काही उपयोग होत नाही. ‘निम्मा कचरा एकाच प्रकारच्या वेष्टनांचा’ हे कळलं की तो कुठून येतो ते शोधता येतं.

आक्रमक परक्या वनस्पती काढणं हे चिकाटीचं काम आहे. घाणेरी आणि जलपर्णी या दोन्ही आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहेत. काढण्याआधी ओळख जाणकाराकडून पक्की करून घ्या, कारण सारखी दिसणारी स्थानिक झुडपं हकनाक मरतात. फळं धरण्याआधी, मुळासकट काढा. जलपर्णी बाहेर काढली की पाण्यापासून दूर, वाळेल अशी टाका. घाणेरीत कुणाचं घरटं नाही ना ते आधी बघा. सगळी जाळी एका दिवसात साफ करू नका, थोडी थोडी काढा आणि मोकळ्या जागेत तिथलंच गवत-झुडूप येऊ द्या, नाहीतर पुढच्या पावसानंतर घाणेरीच परत उभी. एकाच जागी निदान तीन वर्षं परतून यावं लागेल, हे मनाशी धरूनच सुरुवात करा.

रोपं लावायची ठरली तर जितक्यांना दोन-तीन वर्षं पाणी, आळं आणि खुरपणी देता येईल तितकीच लावा. दहा म्हणजे दहा.

घरी पाळलेलं काहीही बाहेर सोडू नका. डासांसाठी म्हणून तळ्यात सोडलेले गॅम्बुशिया मासे बेडकांची पिल्लं आणि स्थानिक माशांची अंडी खातात. कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडलेलं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं छोटं कासव तिथल्या कासवांच्या जागा बळकावतं. तेही दोन्ही त्याच शंभरांच्या यादीत आहेत.

पिल्लू सापडलं तर

हा प्रसंग येणारच, म्हणून आधीच सांगतो. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते बहुधा उडायला शिकतंय आणि आईबाप जवळच आहेत. घरी नेऊ नका. रस्त्यात असेल तर उचलून जवळच्या झुडपावर ठेवा, मांजर-कुत्र्याला दूर ठेवा आणि लांबून बघा. अंगावर पिसं नसतील आणि घरटं दिसत असेल तर त्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. जखम असेल तर मात्र हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवून तज्ज्ञांना कळवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

अर्ज करायचा झाला तर

जागेची देखभाल करणाऱ्यांकडे जाताना एक पान पुरे. वर नकाशा, खाली तुमच्या वर्षभराच्या नोंदींचा सारांश, दोन फोटो, आणि एकच, नेमकी मागणी. ‘निसर्ग वाचवा’ या मागणीवर कुणाला काही करता येत नाही. ‘या पट्ट्यातलं गवत बी पडून जाईपर्यंत कापू नये’ किंवा ‘तळ्याकाठचे हे चार दिवे रात्री दहानंतर बंद ठेवावेत’ यावर करता येतं. ‘नाही’ आलं तर कारण लेखी मागा आणि पुढच्या वर्षी जास्त नोंदी घेऊन पुन्हा जा.

दुसरं वर्ष

पहिल्या वर्षाच्या वहीतून फारसे निष्कर्ष काढू नका. एखाद्या वर्षी पाऊस कमी, एखाद्या वर्षी फुलोरा उशिरा, फुलपाखरांची संख्या खालीवर होतच असते. कल दिसायला बरीच वर्षं लागतात. वहीची पानं महिन्याच्या महिन्याला फोटो काढून दुसरीकडे जपा, कारण वह्या हरवतात.

दुसऱ्या वर्षी मात्र एक गोष्ट सुरू करता येते. आज बाहेर जाण्याआधी गेल्या वर्षीचं याच आठवड्याचं पान वाचायचं. त्या माळावर आम्ही आता तसंच करतो. टिटवीच्या विणीच्या आठवड्यांत कुदळ नेत नाही, वाट थोडी वळवतो. अंडी दिसली तरी शेजारी दगडांची खूण करत नाही, कारण ती खूण कावळ्यालाही दिसते. मोठ्या झाडापासून किती पावलं, कुठल्या दिशेला, एवढं वहीत लिहितो. गेल्या खेपेला लिहिलं होतं: बत्तीस पावलं, पूर्वेला, अंडी चार.